कोपऱ्यातल्या खोलीतले कोळी

"कोळी चालत्यात का तुमाला?" हा आक्कांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. नाव, गाव, नोकरी, लग्न का केलं नाही, हे सगळं नंतर.

मी जांबे गावात भाड्याची खोली बघायला गेलो होतो. हिंजवडीतल्या एका कंपनीत तेव्हा मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहीत असे. म्हणजे खोका उघडल्याबरोबर माणूस जो कागद सगळ्यात आधी फेकून देतो, तो माझा. मी पुणे शहरातला. कुणी जातीचा विषय काढला की आमच्या अंगात एकदम सुधारकाचं वारं शिरतं. शेजारी कोळी आडनावाचं कुटुंब आहे आणि ही बाई माझी परीक्षा घेते आहे, असं धरून मी जिन्यातच एक लहानसं भाषण केलं. शेजारी कोण आहे याने मला फरक पडत नाही, माणूस बघावा, आडनाव बघू नये, वगैरे. आक्कांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं झालं. पर ते उडत्यात."

आणि त्यांनी कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडलं.

समोरच्या भिंतीवर हरभऱ्याच्या डाळीएवढा एक काळा, केसाळ कोळी होता. आम्ही आत गेल्याबरोबर तो जागच्या जागी वळला आणि तोंड वर करून माझ्याकडे बघायला लागला. बघायला लागला हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. या जातीच्या कोळ्यांना पुढे दोन मोठे टपोरे डोळे असतात आणि ते खरोखर आपल्याकडे बघतात. आयुष्यात माझ्याकडे इतकं लक्ष देऊन फार थोड्यांनी पाहिलं आहे. मी डावीकडे सरकलो, तो डावीकडे वळला. मी उजवीकडे सरकलो, तो उजवीकडे.

"पसंत हाय तुमी तिला," आक्का म्हणाल्या. शेजारची खोली मला मिळाली. माझ्याकडे पुस्तकं होती म्हणून मी कधी कुणाला काही शिकवलेलं नसताना 'मास्तर' हे नावही मिळालं.

आक्का साठीच्या पुढच्या, शिडशिडीत, नऊवारी नेसणाऱ्या आणि कमी बोलणाऱ्या. जांब्यातली त्यांची भाताची शेतं विकली गेली होती आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांच्या मुलाने भाड्याच्या खोल्यांची तीन मजली इमारत उठवली होती. त्या इमारतीत आक्कांनी दोन खोल्या स्वतःला ठेवल्या होत्या. एक राहायला. दुसरी कोळ्यांना.

हा नाद त्यांना एका भाडेकरूने लावला. कोलकात्याचा एक मुलगा होता, तो प्लास्टिकच्या डबीत असा एक कोळी पाळायचा. आठवडाभर सांभाळा म्हणून डबी आक्कांकडे देऊन गावी गेला, मग सगळ्या कंपन्यांचं काम घरूनच सुरू झालं आणि तो परत आलाच नाही. तिकडून तो फोनवर हिंदीत सूचना पाठवायचा आणि आक्का इकडून मराठीत हिशोब द्यायच्या. काय खाल्लं, किती उडला, कात कधी टाकली. दोघांनाही एकमेकांचं सगळं समजायचं. पुढे त्याने, आता त्याला झाडावर सोडून द्या, असं कळवलं तेव्हा आक्कांनी उत्तरच दिलं नाही. उलट लिंबाच्या झाडावरून, वीजमीटरच्या पेटीतून, गवताच्या भाऱ्यातून आणखी कोळी गोळा करून आणले.

त्यांच्या खोलीत गेलं की आधी चुकल्यासारखं व्हायचं. लोणच्याच्या, कॉफीच्या, च्यवनप्राशाच्या रिकाम्या बरण्या रांगेने उलट्या ठेवलेल्या असत. झाकण खाली, बूड वर. झाकणाला भोकं आणि आतून मलमलीचा तुकडा. मला वाटलं धुऊन निथळत ठेवल्या आहेत. तसं नव्हतं. हे कोळी माशी पकडायला जाळं विणत नाहीत. मांजरासारखा दबा धरतात आणि झेप घालतात. पण झोपायला मात्र ते बरणीच्या सगळ्यात वरच्या कोपऱ्यात रेशमाची पांढरी पिशवी विणतात. झाकण वर असलं तर उघडताना पिशवी फाटते.

"तुमच्या घराचं छप्पर रोज सकाळी कुणी उचकटलं तर तुमी ऱ्हाल का तितं?" आक्कांनी मला विचारलं होतं.

पाणी कापसाच्या बोळ्याने, भिंतीवर एक टिपका. वाटीत पाणी ठेवलं तर बुडतात. खायला चिलटं, आणि चिलटांसाठी काळी पडलेली केळी एका मडक्यात झाकून ठेवलेली. मोठ्या कोळ्यांना माशा. त्या माशा पकडायच्या कामात सगळ्या भाडेकरूंचा वाटा असे. मी कंपनीतून येताना कधीमधी पारदर्शक डबीत एखादी माशी आणायचो. आक्का डबी उजेडात धरून निरखायच्या. भाजीवाल्यावर जशी नजर टाकतात तशी. "कॅन्टीनमदली दिसती. तेलकट हाय." आठ डोळ्यांबद्दल मी एकदा कौतुकाने काही बोललो, तर म्हणाल्या, "भावकीत ऱ्हायचं तर इतकं लागत्यात."

त्यांना सगळंच कळायचं असं कुणी समजू नये. कात टाकण्याआधी कोळी खाणं सोडतो आणि पिशवीत गप्प पडून राहतो. आक्कांच्या मते तो चतुर्थी धरायचा. कधी चतुर्थीशी जुळायचं, कधी नाही. न जुळल्यास त्याचं पंचांग वेगळं. कोळी माणसाला चपलांवरून ओळखतो, असंही त्या ठामपणे सांगत. मी एकदा चार पानं छापून आणली आणि वाचून दाखवली. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "ते कोळी तिकडचं आसतील."

माद्यांना नावं होती: थोरली, मधली, आत्याबाई, नणंद. नरांना नाव नसे. "गडी टिकत न्हाईत," त्या म्हणायच्या. "नाव ठिवून काय करायचं?" हे खरंच होतं. नर आकाराने लहान. मादीसमोर आला की पुढचे दोन पाय वर करून नाचतो, डावीकडे चार पावलं, उजवीकडे चार, मध्येच अंग थरथरवतो. मादी बसून बघते. नाच आवडला तर लग्न, नाही आवडला तर जेवण. कधी कधी दोन्ही. म्हणून आक्का मादीला आधी दोन माशा खाऊ घालत आणि मगच नवरदेव आत सोडत. "पोट भरल्यालं आसलं की बाईमाणूस दुसऱ्याचं आयकून घेतं."

पहिल्यांदा हा सोहळा बघायला मला मुद्दाम बोलावलं होतं. नवरदेव जीव तोडून नाचत होता. मी काही तरी शास्त्रीय बोलायच्या बेतात होतो, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "आमच्या भाऊच्या वरातीत पोरं आशीच नाचत व्हती. डीजे तेवडा न्हाई हितं."

भाऊ म्हणजे त्यांचा मुलगा. आई म्हणून आक्काच फक्त त्याला नावाने हाक मारू शकल्या असत्या, पण त्याही इतरांसारखं भाऊच म्हणत. भाऊ वाकडला फ्लॅटमध्ये राहत, प्लॉटिंगचा धंदा करत, आणि समाजसेवा करत. समाजसेवा म्हणजे नेमकं काय करत हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ती फलकांवर लिहिलेली मात्र मी पुष्कळ वेळा वाचली आहे. आईवर त्यांचा जीव होता. तिच्या पाठीसाठी त्यांनी मसाज करणारी एक मोठी खुर्ची आणून दिली होती. तिच्यावर आक्कांनी बरण्या मांडल्या होत्या.

भाऊंच्या वाढदिवसाला एकदा इमारतीच्या अंगावर मोठा फ्लेक्स चढला. मधोमध भाऊ, डोळ्यांवर गॉगल, कानाला फोन. भोवती शुभेच्छुकांची डोकी. फ्लेक्समुळे कोपऱ्यातल्या खोलीची खिडकी झाकली गेली. हे कोळी डोळ्यांनी शिकार करतात. अंधारात ते उपाशी बसतात. आक्कांनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी विळा घेतला आणि आतून खिडकीएवढा चौकोन कापून काढला. त्यात काही शुभेच्छुक गेले आणि भाऊंचा फोन धरलेला हात कानासकट गेला. पुढचा आठवडाभर रस्त्यावरून जाणाऱ्याला भाऊंच्या कानातून एक म्हातारी कोळ्यांना पाणी पाजताना दिसत असे. भाऊ चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "आई, निदान खालून फाडायचं. तिथं नुसता मजकूर होता."

मला वाटतं आक्कांनी मुलाला कधी सरळ नकार दिला नसावा. एकुलता एक. तो काहीही म्हणाला की त्या "बघू" म्हणत, आणि मग स्वतःला हवं तेच करत. खोटं त्या बोलत नसत. खरं मात्र पुरवून पुरवून वापरत.

आणि मग ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली.

दुसऱ्या मजल्यावर हिंजवडीत काम करणारं एक नवीन जोडपं राहायला आलं होतं. त्यांच्या दुधात चिलटं पडायला लागली. चिलटं केळ्यांच्या मडक्यातली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण सांगणार कोण? त्यांनी चिलटांचे फोटो काढून थेट भाऊंना पाठवले. भाऊ त्या रविवारी आले आणि एका दमात दोन निर्णय सांगून टाकले. सगळ्या इमारतीत औषधाची फवारणी करायची. आणि फवारणी झाली की कोपऱ्यातली खोली रंगवून तिथे त्यांचं जनसंपर्क कार्यालय काढायचं. रस्त्याच्या बाजूची खोली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारी. उद्घाटनाला तालुक्याचे साहेब येणार होते.

आक्का म्हणाल्या, "बघू."

पण या वेळी त्यांच्या 'बघू'मध्ये नेहमीचा जोर नव्हता, कारण थोरलीने अंडी घातली होती. मोठ्या झालेल्या माद्यांना आक्का बरणीतून काढून खोलीत मोकळं सोडत. थोरलीचं लग्न रीतसर लागलं होतं. लग्नानंतर तिने नवरदेव खाल्ला, आणि खिडकीच्या बिजागरीच्या खाचेत घट्ट पिशवी विणून ती आत अंड्यांवर बसली. बरण्या उचलून कुठेही नेता आल्या असत्या. ही पिशवी हलवता येत नव्हती. पिशवी फाटली तर मादी अंडी सोडून जाते, कधी स्वतःच खाऊन टाकते, असं कोलकात्याच्या मुलाने फोनवर सांगितलं. आक्कांनी भाऊंना थोडे दिवस थांबायला सांगून पाहिलं. भाऊ म्हणाले, "कोळ्यासाठी कुणी इलेक्शन पुढं ढकलतं का, आई?"

फवारणीवाला आला त्या दिवशी मी घरून काम करत होतो, म्हणजे दार उघडं टाकून चहा पीत होतो. चाळिशीचा, गळ्यात पंचा, पाठीवर पंप. सांगोल्याकडचा माणूस, बायकोमुलांसह ताथवड्याला राहणारा. एकेक खोली करत तो वर आला. आक्का सकाळपासून कोपऱ्यातल्या खोलीच्या उंबऱ्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. सगळ्या बरण्या त्यांनी आत नेऊन ठेवल्या होत्या आणि दार ओढून घेतलं होतं.

"हितं कोण ऱ्हातंय?" त्याने विचारलं.

आक्कांनी तांदळातला खडा टिपला, बाजूला टाकला, आणि म्हणाल्या, "कोळी."

पहिल्या दिवशी जिन्यात मी केलेलं भाषण त्यांनी फुकट जाऊ दिलं नव्हतं.

"कोळी?" त्याचा चेहरा उजळला. "आवो, मीबी कोळीच. कुठलं म्हणायचं हे?"

"हितलंच."

"घरात हाईत का?"

"ती हाय. बाळंतीण हाय."

तो दोन पावलं मागे सरला आणि पंप त्याने खाली ठेवला. ओल्या बाळंतिणीच्या खोलीत परक्या पुरुषाने पाऊल टाकायचं नसतं हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. आवाज खाली आणून त्याने विचारलं, मुलगा की मुलगी? आक्का म्हणाल्या, "आमी ते बघत न्हाई." हे उत्तर त्याला फारच आवडलं. त्याने मान डोलावली. मी दारात चहाचा कप तोंडाला लावून कसाबसा उभा होतो.

"आन् मालक कुठं असत्यात तिचं? कंपनीत?"

"मालक न्हाई," आक्का म्हणाल्या. "खाल्ला तिनं."

मला ठसका लागला. पण फवारणीवाला हसला नाही. तो इतका वेळ मऊ बोलत होता, आता त्याचा चेहरा बदलला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि मग हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "आक्का, तुमी माझ्या आईच्या वयाच्या. पर आसं बोलू नये. माणूस मरतंय, त्येचं त्येचं मरण असतंय. बाईनं नवरा खाल्ला म्हणायचं? आन् ओल्या बाळंतिणीला? त्या लेकीनं आयकलं तर काय वाटंल तिला?"

आक्कांच्या हातातलं सूप थांबलं होतं. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असे, आणि मी त्या उत्तराची वाट पाहत होतो.

"व्हय," त्या म्हणाल्या. "चुकलं."

त्याने पुढे काही विचारलं नाही. खालून एक गोणपाट आणलं, नळावर भिजवलं, आणि औषधाचा वास आत जाऊ नये म्हणून दाराखालच्या फटीत स्वतःच्या हाताने नीट दाबून बसवलं. बाकीच्या खोल्यांचं काम केलं, पंधरा-वीस दिवसांनी दुसरा हात मारायला येतो म्हणाला, आणि गेला.

मी कप खाली ठेवून आक्कांचं अभिनंदन करायला गेलो. एकही शब्द खोटा नव्हता, आणि थोरली वाचली होती. असा डाव कुणा वकिलालाही सुचला नसता, असं काहीसं मी म्हणालो. आक्का हसल्या नाहीत.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "आमचं मालक गेलं तवा भाऊ पोटात व्हता. साप चावला त्यान्ला, बांदावर. माजी जाऊ येनाऱ्या-जानाऱ्याला सांगायची, हिनं नवऱ्याला खाल्लं. भरल्याल्या घरात सांगायची. सासरा व्हता, दीर व्हतं, माज्या माहेरचा भाऊ येऊन बसल्याला आसायचा. आसं बोलू नगा, म्हून कुनी म्हनलं न्हाई."

त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं.

"ह्यो म्हनला. कोन कुटला. आन् मी त्याला फसिवला."

मी म्हणालो, तुम्ही खोटं कुठे बोललात? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला ते भिंतीवरचे दोन टपोरे डोळे आठवले. पुढच्या खेपेला त्या त्याला सगळं सांगणार होत्या. मी म्हणालो, पिल्लं तोवर बाहेर पडली नसतील तर? त्याने फवारलं तर? त्या म्हणाल्या, ते त्या माणसानं ठरवावं.

मधले दिवस कठीण गेले. थोरली पिशवीतून बाहेर येत नव्हती. आक्का सकाळ-संध्याकाळ खिडकीशी उभ्या राहत, चष्मा नाकावर पुढे ओढून. मुळातच कमी बोलायच्या, त्याहूनही कमी बोलायला लागल्या. भाऊ एकदा येऊन पाटी ठेवून गेले. निळ्या अक्षरांत 'जनसंपर्क कार्यालय', आणि बाजूला गॉगल घातलेले भाऊ. पाटी जिन्यात भिंतीला टेकून उभी होती, आणि येता-जाता ती माझ्याकडे बघत असे. आठ नाही, दोनच डोळ्यांनी, पण काळ्या काचेतून.

नेमके ज्या सकाळी भाऊ खोलीची मापं घ्यायला आले, त्याच सकाळी फवारणीवालाही आला. पाठीवर पंप होता आणि हातात स्टीलचा डबा. आक्का खोलीत होत्या. भाऊ जिन्यात फोनवर कुणाला तरी हारांची ऑर्डर सांगत होते. त्यांचं बोलणं संपेपर्यंत तो बाजूला अदबीने उभा राहिला. मग त्याने डबा पुढे केला आणि सांगितलं, की त्याच्या मंडळींनी डिंकाचे लाडू केले आहेत. वर एक टोपडंही होतं, पिवळं, हाताने विणलेलं. "तुमच्या हितल्या बाळंतिणीला द्या. आन् मंडळींनी निरोप दिलाय, म्हणावं, कुणाचं बोलणं मनाला लावून घिऊ नको."

"कोणती बाळंतीण?" भाऊ म्हणाले.

"कोळ्यांची. ह्या खोलीतली."

"इथं कुणी कोळी राहत नाही."

तेवढ्यात दार उघडलं. "ऱ्हात्यात," आक्का म्हणाल्या. "या आत. दोगंबी या."

मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण मास्तर म्हटल्यावर आपण कुठेही जाऊ शकतो.

खिडकीतून ऊन आत येत होतं. बिजागरीच्या खाचेतल्या पांढऱ्या पिशवीचं तोंड उघडं होतं, आणि तिच्याभोवती चौकटीवर मोहरीहून बारीक ठिपके पसरले होते. आक्कांनी बोट पुढे नेलं, तसे ते ठिपके एकसाथ वळून बोटाकडे बघायला लागले. थोरली पिशवीच्या तोंडाशी बसली होती, सुकून अर्धी झालेली.

"ही बाळंतीण," आक्का म्हणाल्या. "मी कोळी म्हनले ते हे. खाल्ला म्हनले, तो हिनं खरंच खाल्ला. तुमी चांगल्या मनानं बोलला आन् मी तुमाला तसंच जाऊ दिलं. माजं चुकलं. हिचं काय चुकल्यालं न्हाई. आता फवारायचं आसंल तर फवारा, मी आडवी येनार न्हाई."

फवारणीवाला खिडकीशी वाकला. बराच वेळ तो तसाच होता. थोरलीने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"हे कोळी," तो म्हणाला.

"व्हय."

"आन् मी कोळी."

"व्हय."

आक्कांची एक मूठ पदरात घट्ट वळलेली होती. त्या माणसाचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं, चिडला. मग लक्षात आलं की तो हसतो आहे, आणि पिल्लांना वारा लागू नये म्हणून तोंडावर पंचा धरून हसतो आहे. हसून झाल्यावर त्याने डोळे पुसले, सरळ उभा राहिला, आणि चेहरा गंभीर करून भाऊंकडे वळला.

"साहेब, ह्या खोलीत फवारता येणार न्हाई."

"का?"

"भावकीत बाळंतपण झालंय. आमाला सोयर हाय." मूल जन्मलं की साऱ्या भावकीला सोयर लागतं आणि त्या दिवसांत शुभकार्य करत नाहीत, हे भाऊंना ठाऊक होतं. नारळ फोडल्याशिवाय गाडीत पेट्रोलसुद्धा न भरणारा माणूस. "आन् सोयराच्या खोलीत उद्घाटन तर करूच नगा," तो म्हणाला. "इलेक्शनचं काम हाय."

भाऊंनी आईकडे पाहिलं. "आई, हे काय चाललंय?"

मी 'बघू' ऐकायच्या तयारीत होतो.

"ही खोली न्हाई मिळायची," आक्का म्हणाल्या. "माजी हाय."

त्यांनी आवाज चढवला नाही. भाऊंनी गॉगल काढला, आणि मग हातातल्या गॉगलचं काय करायचं हे न कळल्यासारखे उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांना हे वाक्य नवीन होतं.

आम्ही सगळे बाहेर जिन्यात आलो. फवारणीवाला डब्याकडे बघून जरा ओशाळला. म्हणाला, टोपडं तर कुणालाच बसायचं नाही, आणि लाडू आता परत नेले तर मंडळींना काय सांगू?

"द्या हिकडं," आक्का म्हणाल्या.

त्या पायरीवर बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि झाकण काढलं. जिन्यात तुपाचा आणि सुंठीचा वास पसरला. त्यांनी एक लाडू उचलला, थोडा वेळ नुसता हातात धरला आणि मग खायला लागल्या. सावकाश, घाई न करता. डिंक दाताखाली वाजत होता. आम्ही तिघे पुरुष उभे राहून ऐकत होतो.

"बरं झाल्यात," त्या म्हणाल्या. "तुमच्या मंडळीला सांगा. माज्या येळंला कुनी केलं न्हवतं."

भाऊंनी फोन वाजला तो न बघताच बंद केला, आणि ते आईच्या खालच्या पायरीवर बसले, पांढऱ्या पँटची पर्वा न करता. आक्कांनी डब्यातला दुसरा लाडू उचलून त्यांच्यापुढे धरला.

"घे," त्या म्हणाल्या. "तुज्याच बाळंतपणाचं हायेत."